क्ष-किरणांचा फोटो : जर्मनीपासून हिंगोलीपर्यंत

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मला राजेमहाराजांऐवजी आमच्या कपाटावरचा एक्स-रेचा लिफाफाच आठवला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटजेन यांना हे अदृश्य किरण सापडले. ते कसले हे कळेना, म्हणून नाव पडले 'क्ष'. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था हिच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडे आणि त्यांत अंगठी! इतका गाजलेला हा फोटो एका गृहिणीच्या हाताचा आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? राँटजेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे १९७१ साली इंग्लंडात हौन्सफील्ड यांच्या यंत्राने रोग्याच्या मेंदूचे पहिले सी.टी. स्कॅन झाले.

तरी फिल्म आणि ती वाचणारा जाणकार एके ठिकाणी यावा लागे. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला. पण दुखणे अवघड असले की लिफाफा काखेत मारून नांदेडची एस. टी. धरावी लागे.

मग फोन आला. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खात्याने फोनवर स्कॅन पाहून निदान करण्याच्या पहिल्या ॲपला मान्यता दिली. अट मात्र घातली, की मोठा संगणक हाताशी नसेल तेव्हाच ते वापरावे. आपल्याकडे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, बंगळूरच्या 'एक्सरेसेतू'वर खेड्यातले डॉक्टर छातीच्या एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपने पाठवू लागले, आणि संगणक तो तपासून उत्तर देऊ लागला.

त्या अटीचे मोल आम्हांला घरी कळले. सासूबाई न्हाणीत घसरल्या. एक्स-रे काढला. घरच्यांनी फिल्म ट्यूबलाइटखाली धरून फोटो काढला आणि ओळखीच्या एका डॉक्टरांना पाठवला. "काही नाही, मुका मार आहे," असे उत्तर आले. फिल्मवर दिव्याची तिरीप पडली होती, खुब्यातली बारीक चीर तिच्याखाली झाकली गेली. सासूबाई आठ दिवस तशाच वावरल्या आणि हाड सरकले.

दुसऱ्या वेळी एक्स-रेवाल्याकडून संगणकातली मूळ प्रतच मागून घेतली. ती उजळ-गडद, लहानमोठी करून पाहता येते. फोटोचे तसे होत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी ती फोनवरच पाहिली आणि तासाभरात निघून या म्हणून कळविले. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी ती मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिली, हेही मी मुद्दाम सांगते.

२०२४ मध्ये हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सासूबाई आता काठी टेकीत देवळापर्यंत जातात.