मुंबईचे पाणी आणि मुंबईची नदी

माणूस निसर्गावर अवलंबून आहे, हे वाक्य शाळेतील मुलालाही पाठ असते. परंतु हे अवलंबित्व किती प्रत्यक्ष आहे, हे पाहावयाचे असेल तर एखाद्या मोठ्या शहराच्या पाण्याचा इतिहास चाळावा. खेड्यातील माणसाला आपली विहीर, आपला ओढा डोळ्यांसमोर दिसतो. शहरवासीयाला दिसतो तो फक्त भिंतीतला नळ. त्या नळापलीकडे काय आहे, याचा विचार तो पाणी बंद होईपर्यंत करीत नाही. मुंबईची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

मुंबई मूळची सात बेटांची. भोवती पाणीच पाणी, पण ते खारे. पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त विहिरींवर व तलावांवर, आणि त्यांची भिस्त चार महिन्यांच्या पावसावर. धोबीतलाव, गवालिया टँक, खारा तलाव, दोन टाकी ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ज्यांच्यावरून ती पडली ते तलाव मात्र केव्हाच बुजले. वस्ती दाट होत गेली तसे एकाच तलावावर कपडे धुतले जात, गुरे पाणी पीत आणि बायका घागरीही भरीत. विहिरींच्या शेजारीच शौचकूप असत. पटकीच्या साथी वरचेवर येत आणि घरेच्या घरे ओस पाडून जात. 1850 नंतरच्या दशकाच्या मध्यास तर अवर्षणामुळे अशी वेळ आली की, शहरातील गुरे बाहेर हलवावी लागली, आणि होड्यांनी व नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणून ते विहिरींत ओतावे लागले.

या संकटातून विहार तलावाचा जन्म झाला. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराने साष्टीतील डोंगरांत, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात, धरण बांधण्याची योजना आखली. 1856 साली काम सुरू झाले आणि 1860 साली नळाने पाणी मुंबईत आले. पुढे 1879 साली तुळशी, 1892 साली तानसा, 1957 साली मोडक सागर, त्यानंतर भातसा आणि 2014 साली मध्य वैतरणा, असे हे शहर पाण्यासाठी दूरदूर हात पसरीत गेले. सांप्रत रोज सुमारे 400 कोटी लिटर पाणी मुंबईला लागते, आणि त्यातील बहुतेक सारे शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरावरून, ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ मुलुखातून येते. ज्या शहापूर तालुक्यातून हे नळ निघतात, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्टही येथे विसरता कामा नये.

या योजनांनी असंख्य जीव वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. तथापि दूरचे पाणी घरात येताच जवळच्या पाण्याची किंमत उतरली. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे 1897 साली रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केले होते. 1911 साली डॉ. बेंटले यांच्या अहवालाने मुंबईतील डास उघड्या विहिरींत वाढतात हे दाखविले, आणि विहिरी झाकण्याची व बुजविण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी, विशेषतः पारशी समाजाने, तिला विरोध केला. मोहीम आरोग्याच्या दृष्टीने अकारण नव्हती. परंतु पाण्याची राखण करण्याची सवय तिच्याबरोबर मोडली. उलटपक्षी, 1725 साली खोदलेली भिका बेहराम यांची विहीर चर्चगेटजवळ आजही गोड्या पाण्याने भरलेली आहे. समुद्र इतका जवळ असून तीनशे वर्षे ती टिकली, कारण तिला पवित्र मानून जपणारी माणसे होती.

मिठी नदीला असे कोणी भेटले नाही. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी सुमारे 18 किलोमीटर वाहते व साकीनाका, कुर्ला, वाकोला, धारावी या वस्त्यांवरून माहीमच्या खाडीस मिळते. तिच्यात मैलापाणी सोडले गेले, गोठ्यांचे शेण गेले, तेलाची पिंपे धुतलेले पाणी गेले, कारखान्यांची रसायने गेली. काठ भरावाने आवळले, विमानतळासाठी पात्राला वळणे दिली गेली, आणि मुखाशी पुराचे पाणी सामावून घेणारी तिवरांची दलदल बुजवून तेथे कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारती उठल्या. ही नदी आहे हेच लोक विसरले. ते तिला नाला म्हणू लागले.

26 जुलै 2005 रोजी नदीने आपली ओळख पुन्हा करून दिली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच भरतीची वेळ आली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, आणि पूर ओसरल्यावर साचलेल्या घाण पाण्यामुळे लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. एवढा पाऊस कोणत्याही शहराला भारी पडला असता, हे खरे. परंतु पात्र मोकळे असते आणि पाणी स्वच्छ असते, तर हानी इतकी होती ना. त्यानंतर समित्या बसल्या, प्राधिकरण झाले, गाळही काढला गेला. नदीतील घाण मात्र अद्यापि हटलेली नाही.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, विहारच्या तलावावर जो पाऊस पडतो तोच कुर्ल्यावरही पडतो. वरच्या बाजूस पाणलोटाचे जंगल राखले, वस्ती होऊ दिली नाही, म्हणून दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी विहारचे पाणी आजही पिण्यासाठी घेतले जाते. तेथून काही कोसांवर त्याच नदीचे पाणी हाती घेववत नाही. पावसाने किंवा डोंगराने यात भेद केलेला नाही. तो केला आहे माणसाच्या वागणुकीने. म्हणूनच ही स्थिती दैवावर टाकून मोकळे होता येणार नाही. जे आपल्या हातून बिघडले ते सुधारणे आपल्याच हाती आहे. मैलापाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू न देणे, कारखानदाराला त्याच्या रसायनांचा जाब विचारणे आणि उरलेली तिवरे राखणे, ही कामे सरकारची व नगरपालिकेची खरी. परंतु ती व्हावीत असा आग्रह नागरिकांनी धरला नाही तर ती होत नाहीत, हेच या इतिहासावरून दिसते.

नळाचे पाणी वापरून झाले म्हणजे ते मोरीतून नाहीसे होते, अशी आपली समजूत असते. ते नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी दारावरून, कोणत्या तरी नदीतून पुढे जातच असते. पाणी कोठून आले याची चौकशी मुंबईने 1856 पासून पुष्कळ केली. ते कोठे जाते, याची चौकशी प्रत्येक घराने आता तरी करावयास हवी.