सिनेटची संमती आणि सिनेटचे मौन

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्षाने सुचवावयाचे व सिनेटच्या ‘सल्ल्याने आणि संमतीने’ नेमावयाचे असतात. संमती किती मुदतीत द्यावी वा नाकारावी, याविषयी मात्र राज्यघटना मूक आहे. १७९५ साली वॉशिंग्टन यांनी निवडलेल्या जॉन रटलेज यांना सिनेटने १४ विरुद्ध १० मतांनी उघडपणे नाकारले. २०१६ मध्ये मात्र रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने, निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन, ओबामांनी सुचविलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीही घेतली नाही. २०२० मध्ये त्याच पक्षाच्या बहुमताने निवडणुकीस आठ दिवस उरले असता एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली. मतदानाने दिलेल्या नकाराची जबाबदारी प्रत्येक सदस्याच्या नावे नोंदली जाते. मौनाची तशी नोंद राहत नाही. राज्यघटनेत न लिहिलेली मुदत अशा रीतीने बहुमताच्या हाती गेली.