गोधडीच्या पोटात

आजीची शेवटची गोधडी जवळजवळ पूर्ण झाली होती. आतले सगळे टाके घालून झालेले, फक्त काठाची पट्टी तीन बाजूंनी लागलेली आणि चौथीच्या मध्यावर थांबलेली. त्या अवस्थेत ती अकोल्याहून ट्रंकेत बसून पुण्याला आमच्या माळ्यावर आली. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "एवढी एक बाजू शिवून टाक बाबा, नाहीतर देऊन टाकू कोणाला तरी." दोन वीकेंड, तीन व्हिडिओ आणि टोचलेली बोटं, एवढीच खरं तर गोष्ट. पण त्या उघड्या बाजूतून मी आत डोकावलो आणि पार १८५३ सालापर्यंत जाऊन आलो.

आधी एक खुलासा, कारण माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना गोधडी आणि रजई एकच वाटते. रजईत पिंजलेला कापूस असतो. गोधडीत कापूस नसतो! गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर. विरलेलं लुगडं, फाटलेलं धोतर, बाह्या गेलेला शर्ट, असं एकावर एक अंथरायचं आणि धावदोऱ्याने बांधून टाकायचं. आजी ते जमिनीवर पसरायची आणि कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवायची. वजन म्हणजे कधी वरवंटा, कधी आम्ही पोरं. मग काठापासून सुरू करून आत आत.

आता गंमत बघा. हे सगळं चालायचं वऱ्हाडात. म्हणजे जिथे शेतात कापूस, जिनमध्ये कापूस, रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीतून सांडलेलाही कापूस. आणि त्याच घरात पांघरायला चिंध्या. लहानपणी हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता पडला, आणि त्याचं उत्तर थेट अमेरिकेत निघालं.

झालं असं की १८५३ साली हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कारभारासाठी घेतलं. नंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं (१८६१ ते १८६५). तोवर मँचेस्टरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांच्या कष्टातून यायचा. तो एकदम अडला. गिरण्या बंद पडू लागल्या, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. भुसावळहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावचा फाटा १८७० चा, अमरावतीचा १८७१ चा. नकाशावर बघितलं की कळतं, हे रूळ माणसांपेक्षा गाठींसाठी टाकले होते. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आपली 'शकुंतला' पण कापसासाठीच आली. (ती आता बंद आहे. तिच्यावर एक वेगळा शनिवार खर्च करावा लागेल.)

त्या काळात हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक कॉटन कमिशनर होता. त्याने आपल्या अहवालात हिशोब अगदी मोकळेपणाने मांडला आहे. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा: रेल्वे आली की विलायती कापड इथे स्वस्त पडेल, इथले सूत कातणारे आणि विणणारे त्यापुढे टिकणार नाहीत, मग ते हात शेतीकडे वळतील आणि कापूस आणखी वाढेल. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हे. वऱ्हाडात कोष्टी विणत, महार जाडंभरडं टिकाऊ कापड विणत, घरोघरी बायका सूत कातत. म्हणजे शेतातून बोंड निघाल्यापासून अंगावर कापड येईपर्यंतचा सगळा प्रवास पाच-दहा कोसांत व्हायचा. तो आता सात समुद्र ओलांडून व्हायला लागला. सरकी काढलेला कापूस गाठ बांधून जायचा, कापड होऊन परत यायचा, आणि येताना त्याला किंमत लागलेली असायची.

कापसाचे भाव चढले तेव्हा पैसा आला, हे खरं. पण ज्वारीच्या जागी कापूस लावला की पोट बाजारावर अवलंबून राहतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाख. लोकसंख्या वाढायची सोडून कमी झाली! यात किती मेले, किती परागंदा झाले, हे एका आकड्यात दिसत नाही. पण रेल्वेने कापूस बाहेर नेणाऱ्या मुलखात ही वेळ आली, एवढं दिसतं.

याच काळात गाडगेबाबा वाढत होते. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील लवकर गेले, म्हणून बालपण मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथे राबून पिकवलेली मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. १९०५ साली त्यांनी घर सोडलं, आणि पुढे जन्मभर अंगावर काय घातलं? चिंध्या जोडलेली गोधडी. लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणायचे, 'चिंधेबुवा' म्हणायचे. आपण शाळेत त्यांचा खराटा आणि गाडगं शिकलो, गोधडीकडे फारसं लक्ष दिलं नाही. परीट समाजातला, म्हणजे जन्मापासून दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या घरातला माणूस कापसाच्या मुलखात चिंध्या पांघरून फिरतो आणि कर्ज काढू नका म्हणून कीर्तनात सांगतो. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच ते गेले. मला तरी आता ती गोधडी म्हणजे साधूचा वेष वाटत नाही. ती त्या मुलखाची हकिगत वाटते.

असो. आपल्या गोधडीकडे येऊ.

उघड्या काठातून मी बॅटरी मारून थर मोजले. वरचा थर ऐंशीच्या दशकातला, टेरिकॉट आणि आईची नायलॉनची साडी. त्याखाली आजीचं नऊवारी. त्याखाली हाताला एकदम जाड लागलं. बघतो तर आत आणखी एक गोधडी! जुनी झालेली गोधडी टाकत नाहीत, तिच्यावर नवं कापड चढवतात, हे आईला माहीत होतं. मला नव्हतं. (आमच्या धंद्यातही जुनं काढून टाकायची कोणाची हिंमत होत नाही, वरून नवं चढवतात. पण ती गोधडी ऊब देत नाही.) त्या आतल्या गोधडीच्या एका तुकड्यावर गिरणीचा शिक्का होता. नाव गेलेलं, पण किमतीचे आकडे अर्धवट दिसत होते. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं महागलं की १९४३ साली सरकारने कापड नियंत्रणाचा हुकूम काढला आणि गिरण्यांना कापडावर किंमत छापावी लागली. तो हा तुकडा असणार.

आणि तिच्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं. चार टाके उसवले. आत भोकाचा पैसा, १९४४ सालचा. युद्धात तांबं वाचवायला सरकारने मध्ये भोक पाडलेला हा पैसा काढला होता. त्या भोकातूनच दोरा ओवून तो पक्का केलेला. सोबत थोडा भुगा.

भुगा कशाचा ते मला लगेच कळलं. आजी गोधडी पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायची. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, "काऊन रे, उपाशी पोटी झोप येते काय कोणाले? मंग गोधडीले कशी येईन?" तेव्हा हसलो होतो. दुष्काळाचे आकडे वाचल्यावर हसू येत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, त्या चारही कोपऱ्यांवर कापडाची 'फुलं' लावतात. फुलं नसलेली गोधडी त्यांच्या लेखी नागडी. कुणाची उपाशी, कुणाची नागडी. गोधडीला माणूस समजणं दोन्हीकडे आहे.

अमेरिकेत १९९९ साली 'हिडन इन प्लेन व्ह्यू' नावाचं पुस्तक आलं. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना वाट दाखवणारे गुप्त संकेत गोधड्यांच्या नक्षीत होते, असा त्यात दावा आहे. गोष्ट सुंदर आहे, पण इतिहासकारांना तसा पुरावा सापडलेला नाही. म्हणून मीही आमच्या गोधडीचं गूढ करणार नाही. मला आठवला तो वॉरन रॉबिनेट. १९८० साली आलेल्या अटारीच्या 'ॲडव्हेंचर' गेममध्ये त्याने एक गुप्त खोली ठेवली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं, कारण कंपनी प्रोग्रामरची नावं देत नव्हती. आपण ज्याला 'ईस्टर एग' म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या आणि सर्वांत गाजलेल्या नमुन्यांपैकी हा एक.

तो पैसा १९४४ चा. तेव्हा आजी नऊ-दहा वर्षांची होती, म्हणजे आतली गोधडी तिच्या आईची. मी आईला विचारलं, आजीच्या आईचं नाव काय गं? तिला आठवेना. मावशीला फोन केला, मामाला केला. आजीच्या वडिलांचं नाव सगळ्यांना पाठ, सातबाऱ्यावर आहे, काढलेल्या कर्जाच्या कागदावरही आहे. आईचं कुठेच नाही. "आजीची माय", बस. एका बाईने अख्ख्या युद्धाची महागाई एका कोपऱ्यात शिवून ठेवली, पण रॉबिनेटसारखं नाव लिहायचं तिला सुचलं नसेल, किंवा लिहिता येत नसेल.

परवा रविवारी काम संपवलं. पैसा होता तिथेच परत शिवला. एका पांढऱ्या कापडावर मार्करने आजीचं, आईचं आणि बहिणीचं नाव लिहिलं, सगळ्यात वर एक ओळ कोरी सोडली आणि तो तुकडा आत सरकवला. आईने भाकरी केली होती, तिचा एक घास घातला आणि कोपरा बंद केला. माझे टाके म्हणजे रस्त्यावरचे खड्डे. आईने बघितले, काही बोलली नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर ती चष्मा लावून माझा कोपरा उसवत बसली होती.

"अगं, राहू दे ना."

"राहू दे काय? घास पडेल ना त्यातून."