बुडालेल्या सुप्याचा नकाशा

काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि कारवारपाशी समुद्राला मिळते. तिच्या काठी सुपा नावाचे गाव होते. तालुकाही त्याच्याच नावाने ओळखला जाई. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. सरहद्दी बदलल्या, सुपे जागचे हलले नाही. पुढे काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. १९८७ साली ते पुरे झाले. गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. आता सुपे पाहावयाचे तर ते जुन्या नकाशांतच.

सर्वेक्षण खात्याचे कागदी नकाशे आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून टिपलेली पृथ्वीची चित्रे आहेत. भारताचा पहिला नियमित सेवेचा दूरसंवेदन उपग्रह १९८८ च्या मार्चमध्ये अवकाशात गेला, तोवर धरण पुरे झालेले होते. अशी साधने पुढे संगणकाच्या फायलींत साठविली जाऊ लागली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीने व प्रत्येक खात्याने फाइलची मांडणी आपापल्या सोयीने ठरविली होती. मोडी जाणणारा न मिळाला म्हणजे दप्तर मुके राहते, तशीच या फायलींची गत होण्याची भीती होती. कंपनी बुडाली की तिच्या फायलीही बुडाल्या!

या अडचणीवर फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनेडियन प्रणालीकाराने १९९८ साली उपाय आरंभिला. त्याचे नाव ‘जीडॅल’. ही एक लायब्ररी आहे; मात्र ती पुस्तकांची नव्हे, तर इतर प्रणालींना उसना घेता येईल अशा तयार आज्ञांचा संच आहे. तिची युक्ती दुभाष्याची आहे. प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी एक स्वतंत्र वाचक लिहावयाचा आणि सर्व वाचकांनी मजकूर एकाच सामाईक रूपात पुढे करावयाचा. चित्र असेल तर चौकटींच्या ओळी व रकाने. सीमा, रस्ते, विहिरी असतील तर बिंदू, रेषा व क्षेत्रे. आज ती दीडशेहून अधिक प्रकार जाणते. तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. तो वाचण्यास, बदलण्यास वा वापरण्यास मूल्य पडत नाही. वॉर्मरडॅम यांच्यानंतर एव्हन रुओ प्रभृतींनी हे काम पुढे चालविले.

तथापि केवळ वाचन पुरेसे नाही. भारताचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले होते. उपग्रहांची पद्धत निराळी. रूपांतर न करता एकावर दुसरा नकाशा ठेवला, तर शेताचा बांध जागा सोडून सरकतो. हे गणित ‘प्रोज’ ही दुसरी खुली लायब्ररी करते. तिचा पाया अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड इव्हेन्डन यांनी घातला.

दाट अरण्यांच्या जोयड्यात बांध सरकणे ही लहान गोष्ट नव्हे. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला आणि त्याच्या २००८ च्या नियमांत नकाशे व उपग्रहचित्रे यांना पुराव्यात स्थान मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर कसणाऱ्या कुणब्याची जमीन रानात पडते की शेतात, याचा निर्णय करताना जुना नकाशा उघडता आला पाहिजे आणि तो योग्य जागी बसविता आला पाहिजे. ती किल्ली एखाद्याच कंपनीच्या हाती असेल, तर कसणाऱ्याने सरकारचा दाखला तपासून पाहावयाचा कसा?

सुप्याची घरे पाण्याने नेली; ती परत येणार नाहीत. परंतु ती कोठे होती याची नोंद वाचता येणे मनुष्याच्या हातचे आहे. ती नोंद कोणासही उघडता येईल अशी ठेवली नाही, तर तेच गाव दुसऱ्यांदा बुडेल. आणि त्या वेळी दोष नदीला देता येणार नाही.