कावासाकीचा ताप

कावासाकी म्हटलं की आपल्याकडे बजाजची मोटारसायकल आठवते. बालरोगतज्ज्ञांना मात्र आठवतात टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातले डॉ. तोमिसाकू कावासाकी.

जानेवारी 1961. चार वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. ताप हटेना, डोळे लालभडक पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, मानेत गाठी, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले. पुढे बोटांच्या टोकांची साल निघू लागली. स्कार्लेट फीव्हर म्हणावा, तर पेनिसिलिनला दाद नाही. पोरगं बरं झालं, पण कावासाकींच्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा रुग्ण आला. सात रुग्ण जमल्यावर त्यांनी ते परिषदेत मांडले; ज्येष्ठांना त्यात नवं काही दिसलं नाही. त्यांनी टिपणं काढणं सोडलं नाही. 1967 साली 50 मुलांची हकिकत त्यांनी जपानी नियतकालिकात छापली, पुरळाची चित्रं हातानं काढून.

आजार आपोआप बरा होतो, असंच तेव्हा त्यांचं मत होतं. 1970 च्या देशव्यापी पाहणीनं ते खोडून काढलं. बरी होत आलेली काही मुलं अचानक दगावली होती. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या, आत गुठळ्या.

विषाणूचा संशय आला तो आजाराच्या चालीवरून. 1979, 1982 आणि 1986 साली जपानात त्याच्या साथी आल्या. रुग्ण बहुतेक पाच वर्षांखालचे. पहिल्या काही महिन्यांतली बाळं क्वचितच सापडतात, बहुधा आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे; मोठी माणसंही क्वचितच. सर्वांना होणाऱ्या, पण थोड्यांनाच भोवणाऱ्या संसर्गाची ही लक्षणं. जपानी वंशाच्या मुलांत प्रमाण जास्त, म्हणजे आनुवंशिकताही आहेच. एकेका विषाणूवर बोट ठेवलं गेलं. 2005 साली अमेरिकेत एका कोरोना विषाणूवरही. इतरांना तो पुराव्यानिशी सापडला नाही.

मग 2020 आलं. इटलीतल्या बेर्गामोत आधीच्या पाच वर्षांत असे 19 रुग्ण होते. कोविड आल्यावर दोन महिन्यांत 10. मुंबई-पुण्यातही कोविडनंतर अशी मुलं दाखल होऊ लागली. ती वयानं मोठी होती, हृदयाचे स्नायूच जास्त दुबळे झालेले. म्हणून त्या दुखण्याला एमआयएस-सी हे वेगळं नाव मिळालं. पण विषाणू येऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटू शकते, हे जगानं पाहिलं. त्याच वर्षी जपानात शाळा बंद, तोंडाला मास्क, आणि कावासाकीचे रुग्ण घटले. माझ्या मते साठ वर्षांतला हा सर्वांत बोलका पुरावा. गुन्हेगार मात्र अजून बेपत्ता. डॉ. कावासाकीही त्याच वर्षी जून महिन्यात गेले.

उपचार कारणासाठी थांबले नाहीत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन वेळेत दिलं तर रक्तवाहिन्या फुगण्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांवरून पाचाच्या आसपास येतं. तेव्हा पाच दिवस ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ असं दिसलं, किंवा तान्ह्या बाळाच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण लाल झाला, तर अँटिबायोटिक बदलत बसू नका. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि हृदयाची सोनोग्राफी लागेल का, ते विचारा.