अनुमितीचे यंत्र : भावगणनेचा इतिहास आणि मराठी वाक्य

भावनांची यादी करावी, प्रत्येकीची बाह्य लक्षणे नोंदवावीत आणि त्या लक्षणांवरून भावनेपर्यंत पोचावे, ही आकांक्षा संगणकासोबत जन्मलेली नाही. नाट्यशास्त्रात भरताने ८ स्थायी, ३३ व्यभिचारी आणि ८ सात्त्विक असे ४९ भाव मोजले. मात्र ही गणना मुख्यतः प्रयोगासाठी होती. नट ज्ञात भावाकडून लक्षणांकडे जातो. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे लक्षणांवरून भाव ओळखण्याचा, सिद्धान्तरूपाने मांडला तो श्रीशंकुकाने. त्याच्या मते प्रेक्षक नटाच्या अनुभावांवरून स्थायी भावाचे अनुमान करतो. या अनुमितिवादाचे खंडन अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्ट तौत यांच्या आधारे केले. दुसऱ्याचा शोक अनुमानाने कळला, तरी त्यातून ज्ञान होते, आस्वाद होत नाही, हा त्या परंपरेचा महत्त्वाचा आक्षेप होय.

मराठी समीक्षेत हा वाद विसाव्या शतकात नव्या परिभाषेत उभा राहिला. के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श' (१९४२) मध्ये मॅक्डूगलप्रभृतींच्या मानसशास्त्राच्या प्रकाशात रसव्यवस्थेची फेरतपासणी केली. भावनांची यादी आता शास्त्राला मान्य व्हावी, ही त्यामागील अपेक्षा होती. बा. सी. मर्ढेकरांनी वेगळी वाट धरली. 'भावनानिष्ठ समतानता' या त्यांच्या संकल्पनेत महत्त्व भावनेच्या नावाला नाही, तर प्रतिमांना परस्परांशी जोडणाऱ्या भावनिक संबंधाला आहे. एकीकडे नामाभिधान, दुसरीकडे संबंध असा हा पेच होता. तो समीक्षेने सोडवला नाही आणि पुढे तो अभियांत्रिकीच्या हाती गेला.

१९९७ मध्ये रोझलिंड पिकार्ड यांच्या 'अफेक्टिव्ह कम्प्युटिंग' या ग्रंथाने भावना ओळखणाऱ्या संगणकाच्या संकल्पनेला ज्ञानशाखेचे रूप दिले. या शाखेतील बरेच काम पॉल एकमन यांच्या क्रोध, भय, जुगुप्सा, हर्ष, शोक व विस्मय या सहा मूलभूत भावनांवर उभे राहिले. भरताच्या स्थायी भावांतील रती आणि उत्साह या यादीत नाहीत. फेसबुकने २०१६ मध्ये 'लाइक'च्या जोडीला प्रेम, हास्य, विस्मय, दुःख आणि राग यांची चिन्हे दिली. २०१७ मध्ये या चिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन देण्यात आले होते, असे २०२१ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसते. भावनेचे नाव आता केवळ वर्णन राहिले नाही. कोणाचे म्हणणे किती जणांपुढे जाईल, हे ते ठरवू लागले. वर्गवारीचा प्रश्न तेथे सत्तेचा प्रश्न होतो.

मराठीपुरता हा इतिहास पुण्यात घडला. २०२१ मध्ये 'एलथ्रीक्यूब' या संशोधनगटाने 'महासेंट' हा सुमारे १६,००० ट्वीटांचा संग्रह सिद्ध केला आणि प्रत्येक ट्वीट सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असे चिन्हांकित केले. ही ट्वीटे महाराष्ट्रातील विविध ख्यातनाम व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. २०२५ च्या 'महाइमोशन्स' संग्रहात भावनांचे ११ वर्ग आले. चाचणीसाठीची वाक्ये माणसांनी चिन्हांकित केली. शिकवणीची वाक्ये मात्र भाषाप्रारूपांकडून चिन्हांकित करून घेतली. त्यासाठीच्या एका पद्धतीत मराठी वाक्याचे आधी इंग्रजीत भाषांतर होते आणि मग भावनेचे नाव दिले जाते. मराठी साधनांची वानवा पाहता हे काम मोलाचे आहे. परंतु मराठी भावनेची ओळख येथे परभाषेच्या दारातून होते, हेही नोंदवले पाहिजे.

या वर्गवारीची कसोटी उमरग्यासारख्या ठिकाणी लागते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, कन्नड व दखनी यांच्या शेजारात बोलणारा हा सीमेवरचा तालुका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात औसा आणि तत्कालीन उमरगा तालुक्यांतील गावे विशेषत्वाने उद्ध्वस्त झाली. त्या भागातील कोणी 'घर गेलं, माणसं राहिली' असे म्हणाले, अशी कल्पना करावी. यंत्राला पहिला खंड नकारात्मक, दुसरा सकारात्मक दिसेल. दोहोंची बेरीज करून ते वाक्याला तटस्थ ठरवू शकेल. वस्तुतः या वाक्यात शोक आहे आणि त्याच्या पोटात, भरताच्या शब्दांत सांगायचे तर, धृती आहे. शिवाय 'राहिली' म्हणजे वाचली, की सोसण्यासाठी मागे उरली? मराठी हा निर्णय लांबवू शकते. इंग्रजी भाषांतराला तो तत्काळ घ्यावा लागतो. बोलणाऱ्याने वर्षानुवर्षे जे मोकळे ठेवले, ते यंत्र एका क्षणात बंद करते.

अनुमितिवादाची जुनी मर्यादा येथे पुन्हा प्रत्ययास येते. शंकुकाच्या प्रेक्षकापुढे निदान कथा होती, पात्र होते, विभाव होते. यंत्रापुढे विभाव नाहीत. संदर्भातून तोडलेला अनुभाव तेवढा आहे. म्हणून दोष गणनेचा नाही, विभावाच्या लोपाचा आहे. वाक्याला वर्ग देणारा प्रत्येक जण आधी वाचक असतो आणि दोन वाचकांत मतभेद होणे ही चूक नसून अर्थाची खूण असते. बहुमताने एकच चिन्ह ठेवले की ती खूण पुसली जाते. वाक्य कोणत्या भागातले, कोणत्या प्रसंगातले आणि वाचकांत कोठे दुमत झाले, याची नोंद भावसंग्रहात राहावी, ही मागणी करण्याचा अधिकार मराठी समीक्षेला तिच्याच इतिहासाने दिला आहे. ती केली नाही, तर उमरग्याच्या वाक्याचा अर्थ अन्यत्र ठरेल आणि तो 'तटस्थ' असा ठरेल.