नळीवरची अक्षरे

मीरा रोडच्या पूनम सागर भागातील एका सदनिकेत काही दिवसांपूर्वी मी एक परवान्याची वही, एक रिकामी चामडी पेटी आणि एक पिवळटलेले छायाचित्र पाहिले. छायाचित्रात फेटा बांधलेले एक गृहस्थ रायफल टेकवून उभे होते. रायफल स्वतः घरात नव्हती. आजोबांच्या निधनानंतर, वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत, ती मुंबईतील एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होती. आजोबांचा नातू मला म्हणाला, "काका, पणजोबा कोल्हापूर संस्थानात होते. एका साहेबाने जाताना त्यांना ही विलायती बंदूक भेट दिली, असं घरात सांगतात. हिची किंमत काय येईल?"

प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर देण्यापूर्वी ती वस्तू नेमकी कोणती हे ठरवणे भाग होते. आपल्याकडे जुन्या बंदुकांची चर्चा बहुधा दोन टोकांवर चालते. एकीकडे 'विलायती' या एका शब्दात सारे सामावून घेणारा घरगुती अभिमान, दुसरीकडे सगळ्याला भंगार म्हणणारा व्यवहार. या दोहोंमध्ये एक मोठा प्रदेश शिल्लक राहतो, तो इतिहासाचा. हॉलंड अँड हॉलंड किंवा रिग्बी अशा घराण्यांची नावे शिकारकथांच्या वाचकाला ठाऊक असतात. महाराष्ट्रातील इनामदार, संस्थानी अधिकारी, वनखात्यातील नोकर आणि सधन शेतकरी यांच्या घरी ज्या रायफली आल्या, त्यांतील बहुसंख्य मात्र अशा कुलीन नव्हत्या.

दुकानात ती रायफल हातात घेतली तेव्हा नळीवर 'आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी' ही अक्षरे दिसली. नातवाला वाटले, निर्माता सापडला. वस्तुतः ते दुकानदाराचे नाव होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेल्या या लंडनच्या सहकारी भांडाराने १८९१ साली मुंबईत शाखा उघडली, आणि काळा घोडा येथील आर्मी अँड नेव्ही इमारत आजही त्याचे नाव सांगते. साबणापासून तंबूपर्यंत सर्व काही विकणारे हे भांडार बंदुका मात्र इतरांकडून घडवून घेई आणि त्यांवर आपले नाव कोरी. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक बंदुकांचीही हीच कथा. नळीवरचे ठळक नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नव्हे. अल्पपरिचित रायफलींच्या ओळखीतील हा पहिला धडा.

दुसरा धडा लाकडाखाली दडलेला असतो. दस्ता उतरवल्यावर (हे काम जाणत्या कारागिरानेच करावे) नळीच्या बुडाशी बारीक ठसे दिसतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी अधिकृत परीक्षागृहात जादा दाबाचा बार काढून तपासली जाई आणि मगच विक्रीला येई. मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' ही अक्षरे असतील तर ती बर्मिंगहॅमची. 'एनपी' या अक्षरांवर वक्र तलवार धरलेला हात असेल तर लंडनची. लंबवर्तुळात 'ईएलजी' असेल तर बेल्जियममधील लिएजची. जर्मनीतील झूल गावच्या कारागिरांनी निनावी घडवलेल्या रायफलींवर मुकुट व अक्षरांच्या जोडीला कधी कधी तपासणीचा महिना आणि वर्षही सापडते. परदेशी घडणीची बंदूक इंग्लंडमध्ये तपासली गेली असेल, तर 'ही इंग्लिश घडण नव्हे' असेही तिच्यावर स्पष्ट कोरलेले आढळते. १९५४ पूर्वीच्या ब्रिटिश रायफलींवर कॉर्डाइट या दारूचे कमाल वजन आणि गोळीचे वजन ग्रेनमध्ये दिलेले असते. त्यावरून काडतुसाचा अंदाज बांधता येतो.

आमच्या रायफलीची नळी बर्मिंगहॅमला तपासलेली निघाली. बोल्ट आणि त्याभोवतीची यंत्रपेटी मात्र जर्मन माउझर पद्धतीची होती. यात आश्चर्य काही नाही. इंग्लिश बंदूकवाले ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून यंत्रे आणून त्यांवर आपल्या नळ्या चढवीत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर जिम कॉर्बेटला १९०७ साली भेट मिळालेली प्रसिद्ध रिग्बी रायफलही माउझर यंत्रावरचीच, आणि तिचे .२७५ हे काडतूस म्हणजे इंग्लिश नाव धारण केलेले ७×५७ माउझर. सारांश, 'विलायती' म्हणून मिरवणारी वस्तू अर्धी जर्मन निघणे ही फसवणूक नव्हे, तो त्या काळातील व्यापाराचा सरळ परिणाम होय.

खरी गुंतागुंत पुढे होती. नळीवर .३१८ असा आकडा होता आणि परवान्याच्या वहीत .३१५. एका आकड्याचा फरक. नातवाला तो क्षुल्लक वाटला. या एका आकड्यामागे आपल्या देशाच्या निःशस्त्रीकरणाचा इतिहास उभा आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना आणि काही निवडक वर्गांना नियमांनी सूट दिली. या भेदाविरुद्ध काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून आवाज उठत होता. १९१८ साली सैन्यभरतीचे आवाहन करतानाही गांधीजींनी हा कायदा ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांत अग्रगण्य ठरवला. परवाना मिळाला तरी लष्कराची काडतुसे खाजगी हातांत जाऊ नयेत ही सरकारची काळजी होतीच. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .३०३ आणि .४५० ही काडतुसे खाजगी वापरातून वगळण्यात आली. त्यामुळे मोठ्या जनावरांसाठी .४६५, .४७० अशी जवळपासची काडतुसे पुढे आली, आणि .३०३ ची जागा ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाने, म्हणजेच .३१५ ने घेतली. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारी कारखान्यांनी .३१५ च्याच रायफली आणि काडतुसे बनवली. त्यामुळे परवाने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताला .३१५ हा आकडा सवयीचा झाला. कधीतरी, कोणत्या तरी नूतनीकरणात, अपरिचित .३१८ चे परिचित .३१५ झाले असावे.

परंतु ही दोन काडतुसे एकमेकांची नातलगही नव्हेत. .३१५ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वेस्टली रिचर्ड्सने पुढे आणलेल्या .३१८ ला ती नसते. गंमत अशी की .३१८ ची गोळी प्रत्यक्षात .३३० इंच व्यासाची असते, कारण नाव नळीच्या आतील मापावरून पडले, गोळीच्या मापावरून नव्हे. काडतुसांची नावे म्हणजे मोजमाप नव्हे, हे ज्याने ओळखले नाही त्याने जुन्या रायफलीत काडतूस भरण्याच्या फंदात पडू नये. कायद्याच्या दृष्टीनेही परवान्यातील आकडा आणि हातातील शस्त्र यांचा मेळ नसेल, तर प्रामाणिक वारसही अडचणीत येतो. आम्ही किमतीचा विषय बाजूला ठेवला तो याचसाठी. ठशांची छायाचित्रे आणि विक्रेत्याचा तपासणी अहवाल जोडून दुरुस्तीचा अर्ज आधी गेला.

किमतीविषयी बोलायचे तर भावना आवरूनच बोलावे लागते. इंग्लंडमधील लिलावांचे आकडे वाचून आपण हुरळतो. ते आकडे येथे लागू नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले, आणि ते योग्यच झाले. जिचे कामच उरले नाही अशा रायफलीला गिऱ्हाईक थोडे, आणि .३१८ सारखे काडतूस देशात बनत नसल्याने ते आणखी थोडे. शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जुनी आहे म्हणून परवाना नको, हाही भ्रमच. जी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच कालबाह्य वस्तूला शस्त्र कायदा सूट देतो. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, वारशाने आलेलीही त्यात धरून. ज्या घरात तिसरी होती तेथे अल्पपरिचित रायफल आधी निघाली असणार.

आणि मग स्थिती. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार बार निघाल्यावर नळीत राहत. गरम पाण्याने धुऊन तेल न लावल्यास आमच्या पावसाळ्यात ते नळी खाऊन टाकत. आमच्या रायफलीच्या नळीत उजेड धरला तेव्हा पेच स्पष्ट दिसले, तोंडाशी मात्र खड्डे होते. दस्ता मूळचा, माशी बदललेली. विक्रेत्याने सांगितलेला आकडा ऐकून नातवाचा चेहरा उतरला. पेटीचे चामडे त्याहून महाग असेल, असे तो हसत म्हणाला खरा, पण त्या हसण्यात पणजोबांचा साहेब थोडा लहान झाला होता.

मला तसे वाटत नाही. रायफल दुकानातून आली म्हणून ती भेट नव्हती असे ठरत नाही. साहेबही दुकानातूनच घेणार. आर्मी अँड नेव्हीची कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन केलेली आहेत. यंत्रावरील क्रमांक लिहून आम्ही तेथे विचारणा पाठवली आहे. विकत घेणाऱ्याचे नाव साहेबाचे निघेल किंवा कदाचित पणजोबांचेच निघेल. दुसरे खरे ठरले तर दंतकथा जाईल, पण संस्थानातील एका मराठी नोकराने परवान्याचे सारे अडथळे ओलांडून, पदरचे पैसे मोजून ही वस्तू मिळवली, ही गोष्ट हाती येईल. तिची किंमत मला दंतकथेपेक्षा अधिक वाटते.

मुंबईच्या चाळींतून आणि गावच्या वाड्यांतून उपनगरांच्या लहान सदनिकांत आलेल्या घरांत अशा रायफली ठेवणे आता अवघड आहे. पुष्कळ जमा होतील, काही वितळतील. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. फक्त देण्यापूर्वी जाणत्याकडून दस्ता उतरवून घ्यावा, ठशांची छायाचित्रे काढावीत, क्रमांक लिहावा आणि तो कागद आजोबांच्या छायाचित्रामागे ठेवावा. लोखंड गेले तरी अक्षरे राहतील.